पुंडलिकमामांनी लावलेली साइट

या, असे जवळ सरकून बसा. मांडी नीट घाला. पडेगावच्या पुंडलिकमामांची गोष्ट सांगतो, ऐकून जीव निवेल.

नेमबाजीच्या निवड चाचणीआधीच्या सरावाची पंधरा मिनिटं सुरू झाली होती. बिडकीनची दीपमाला पिस्तूल टेबलावर ठेवून, कागदी लक्ष्य घेऊन मामांसमोर रडवेली उभी होती.

"मामा, हातच गेला हो माझा! मधोमध धरते, अन् छर्रा जातो डावीकडं खाली. पाचच्या पाच!"

शूटिंग रेंजवर एअर पिस्तुलं पुसणं, त्यांची साइट, म्हणजे नेम धरायची खाच, लावणं, हे मामांचं तेवीस वर्षांचं काम. मुलांचा त्यांच्या हातावर देवाइतका भरवसा. काल दीपमाला बस गाठायला लवकर गेली, तर मामांनी मायेपोटी स्वतः दहा छर्रे मारून तिच्या पिस्तुलाची साइट लावून ठेवली होती.

मामांनी कागद उजेडात धरला. पाचही छर्रे बोराएवढ्या जागेत! हात बिघडला असता तर ते विखुरले असते. हे एकमेकांना बिलगून बसले होते, फक्त भलत्या जागी. पोरीचा हात खरा होता. साइट लागली होती मामांच्या डोळ्याला, मामांच्या पकडीला.

"काय झालं मामा?" घड्याळ बघत प्रशिक्षक चारुता मॅडमनी विचारलं. "घाबरली का ही?"

व्हय म्हटलं की सुटका होती. तेवीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. शब्द अगदी ओठांशी आला. मामांनी मनात पांडुरंगाला हाक मारली आणि तो गिळला.

"नाय मॅडम. पोरीचा हात लई गोड हाय. चूक माझी. माझ्या डोळ्यानं साइट लावली म्या."

मागून दुसरा नेमबाज सुदर्शन ओरडला, "मामा, मंग माझीबी तशीच लावली का काय?"

सगळे हसले. मामाही हसले, पण कान तापले होते. त्यांनी पेचकस दीपमालाच्या हातात दिला.

"माफ कर, माय. मागची साइट जिकडं सरकवशील तिकडं छर्रा जातो. उजवीकडं घे, जराशी वर घे. पाच मार, बघ, मग पुन्हा फिरव."

"अन् नाय जमलं तर?"

"एका जागी पडतंय ना? मग जागा बदलायला कितीसा वेळ!"

तिसऱ्या खेपेला छर्रे काळ्या गोलाच्या मधोमध बसले. तेवढ्यात वेळ संपली.

दुपारी यादी लागली. दीपमाला धावत आली.

"शेवटचं नाव माझं, मामा! पण लागलं!" मग दम खाऊन म्हणाली, "तुमी गप बसला असता, तर म्या आजच खेळ सोडला असता."

मामांनी नुसते हात जोडले, तिला की देवाला, कुणास ठाऊक. मग झाडू उचलून ते लक्ष्यांखालचे चेपलेले छर्रे गोळा करायला गेले. बराच वेळ एकच कोपरा झाडत राहिले.

बाबांनो, आज देवापुढं उभे राहाल, तेव्हा घटकाभर आमच्या पुंडलिकमामांची आठवण काढा.