रूपीच्या बदल्यात कोण

चारोटीला वासुदेवभाईंच्या हॉटेलात श्रुतिका बसली होती. ती चिखल्याच्या शाळेत खेळ शिकवायची आणि गावच्या मुलींच्या फुटबॉल संघाची कोच होती. वासुदेवभाई तलासरीच्या संघाचे मालक. लीग सुरू होण्याआधी खेळाडूंची अदलाबदल करायची मुभा होती, म्हणून त्यांनीच तिला बोलावलं होतं.

"रूपी घ्या," ते म्हणाले. "बदल्यात चिमी आणि शितल द्या."

गेल्या हंगामात सगळ्यात जास्त गोल रूपीचे होते. मानधनही तिचंच सगळ्यात जास्त. ते द्यायचं तर चिखल्याच्या मुलींना जुन्याच बुटांवर खेळावं लागलं असतं. शिवाय चिमी गोलकीपर आणि शितल बचावात पक्की; दोघी गेल्या तर मागे कोण उभं राहणार?

"एवढी चांगली पोरगी तुम्ही का सोडताय, भाई?"

"एकटीच्या जिवावर किती दिवस खेळायचं?" भाई म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

श्रुतिकाला ते पटलं नाही. ती घरी न जाता तलासरीला गेली. मैदानावर रूपी एकटीच सराव करत होती. धावत छान होती, पण वळायची वेळ आली की उजवा पाय जपून टाकत होती.

"गुडघा दुखतो का गं?"

रूपी चमकली. "भाईंनी सांगितलं?"

"नाही. दिसलं मला."

रूपी गवतावर बसली. "डॉक्टर म्हणाले, हा हंगाम खेळू नकोस, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल. भाई म्हणाले, इंजेक्शन घे आणि खेळ. मी नाही म्हटलं. तुम्ही घेतलंत तरी यंदा मी खेळणार नाही, मॅडम. आधीच सांगते."

दुसऱ्या दिवशी चिखल्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली श्रुतिकाने मुलींना सगळं सांगितलं.

"म्हणजे आम्ही दोघी जायचं आणि बसून राहणारी इथे आणायची?" शितल भडकली. "मी जाणार नाही."

"तुला कोण पाठवतंय? मी अजून हो म्हटलेलं नाही."

"मला जायचंय," चिमी हळूच म्हणाली. "माझं लग्न ठरलंय. सासर तलासरीचं. तिथला संघ मिळाला, तर खेळणं सुटणार नाही."

शितलने तिचा हात धरला.

चिमी तशीही जाणारच होती आणि रूपी पुढच्या वर्षी तरी खेळली असती. संध्याकाळी श्रुतिकाने भाईंना फोन लावला. "फक्त चिमी देते. रूपीच्या गुडघ्याचं मला कळलंय."

भाईंनी घासाघीस केली नाही. "चालेल," ते म्हणाले.

रूपी अर्ध्या मानधनावर यायला तयार झाली. खेळता येत नाही तोवर बाकीच्यांना शिकवायचं ठरलं.

हंगाम वाईटच गेला. गोलमध्ये नवखी निलम होती आणि चेंडू तिच्या हाताखालून जात राहिले. गावात लोक विचारायचे, मॅडम, ती महागडी पोरगी शोभेला आणलीत का? श्रुतिका हसून पुढे जायची, पण रात्री तिलाही तोच प्रश्न पडायचा. तलासरीविरुद्ध तर मोठी हार झाली. त्या दिवशी चिमीचं मंगळसूत्र खिशात सांभाळत तिचा नवरा कडेला उभा होता आणि चिमीने अडवलेल्या प्रत्येक चेंडूवर सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होता.

रूपी मात्र रोज यायची. निलमला खालून येणारा चेंडू कसा अडवायचा ते वाकूनवाकून दाखवायची. शितल तिच्याशी कामापुरतंच बोलायची. हंगाम संपल्यावर डॉक्टरांनी धावायला परवानगी दिली, तेव्हा ओहोटीच्या ओल्या वाळूवर रूपी सावकाश एक फेरी मारून आली. शितलने तिच्याकडे चेंडू ढकलला.

पुढच्या वर्षी रूपी प्रत्येक सामन्याचा उत्तरार्धच खेळली. पूर्वीएवढे गोल झाले नाहीत, पण चिखले पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेलं. त्याच हंगामात निलमने एक पेनल्टी अडवली आणि सगळ्यात आधी ती धावली रूपीकडे.