दोन सकाळी, दोन संध्याकाळी

शनिवारी सकाळी सव्वादहाला सुप्रभाचा फोन थरथरला, तेव्हा ती बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात फार्मसीच्या काउंटरमागे वॉर्डातून आलेली प्रिस्क्रिप्शन्स तपासत होती. ड्यूटीवर फोन घ्यायचा नाही असा तिचा स्वतःचाच नियम. पण नंबर उझबेकिस्तानचा होता आणि तिचा नवरा चार दिवसांपासून तिथे होता. तिने हातातलं प्रिस्क्रिप्शन बाजूला ठेवलं आणि व्हिडिओ कॉल घेतला.

समोर डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली पन्नाशीची एक बाई होती. ती भराभरा काहीतरी बोलत होती आणि त्यातला एकच शब्द सुप्रभाला कळला. "श्रिकान्त, श्रिकान्त." मग फोन वळला. अंगणात चौकोनी लाकडी बैठकीवर श्रीकांत आडवा पडला होता. शर्ट घामाने छातीला चिकटलेला, तोंड अर्धवट उघडं. कोणीतरी कपाळावर ओलं फडकं ठेवलं होतं.

"अहो," सुप्रभा म्हणाली. "अहो, ऐकताय का?"

तो काही बोलला नाही. त्याचा डावा हात नुसता गादीवर काहीतरी शोधल्यासारखा फिरत होता.

श्रीकांत अडुसष्ट वर्षांचा होता. सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनींमध्ये काढलेला इंजिनीअर. त्याचं लहानपण औरंगाबादेत बेगमपुऱ्याला गेलं. जमिनीखालून शहराला पाणी आणणाऱ्या जुन्या नहरीचं त्याला तेव्हापासून वेड होतं. उझबेकिस्तानातल्या डोंगरपायथ्याच्या एका छोट्या गावात तसेच भुयारी पाट आहेत, त्यांना तिथे करीझ म्हणतात, आणि त्यातल्या एकाला अजून पाणी आहे, असं त्याने कुठेतरी वाचलं आणि तिकीट काढलं. सुप्रभाला रजा नव्हती. साखर आहे, किडनीचा रिपोर्ट नुकताच वाईट आलाय, ना भाषा ना ओळखपाळख, अशा ठिकाणी एकट्याने जाऊ नका, असं तिने सांगितलं. तो म्हणाला, "मग कधी जाऊ? व्हीलचेअरवरून?" निघायच्या आधीचे दोन दिवस दोघं कामापुरतंच बोलले होते.

आता ती बाई फोनवर रडकुंडीला आली होती. सुप्रभाने इंग्रजीत विचारलं, हिंदीत विचारलं. हिंदी ऐकून बाईचा चेहरा क्षणभर उजळला, पण सिनेमांतून शिकलेले तिचे चार शब्द संपल्यावर ती पुन्हा स्वतःच्या भाषेत शिरली.

"रासा," सुप्रभाने हाक मारली. "तुला रशियन येतं ना?"

रासा लिथुएनियाची. सुप्रभाबरोबर नऊ वर्षं काम करणारी टेक्निशियन, पंचावन्नची, कमी बोलणारी. तिने हातातला गोळ्यांचा ट्रे ठेवला आणि हात पुसत आली. "शाळेत शिकलेलं. बघू."

तिने दोन वाक्यं बोलल्यावर पलीकडची बाई थांबली आणि मग सावकाश उत्तर देऊ लागली. तिचं नाव ओयदिन, गेस्टहाऊस तिचंच. श्रीकांतने आल्या दिवशीच आपल्या बायकोचा नंबर तिच्या फोनमध्ये घालून ठेवला होता. आज सकाळी तो नाश्ता अर्धाच टाकून करीझ बघायला डोंगराकडे चालत गेला. दोनच्या सुमाराला धडपडत परत आला, काहीतरी बरळत होता, आणि बसल्या बसल्या कलंडला. ओयदिनच्या मते त्याला ऊन लागलं होतं. अँब्युलन्सला फोन केलाय, पण ती तालुक्याच्या गावाहून यायची, चाळीस मिनिटं तरी लागतील. दवाखान्यातल्या नर्सला बोलावलंय.

"ऊन नाही," सुप्रभा म्हणाली. घाम बघूनच तिच्या लक्षात आलं होतं. "साखर उतरलीय. त्याला कुशीवर वळव म्हणावं. काही पाजायचं नाही, पाणीसुद्धा नाही, ठसका लागेल. घरात मध आहे का? पाक आहे का?"

तुतीचा पाक होता. काकवीसारखा काळा. ओयदिनने बोटावर घेऊन त्याच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळायला सुरुवात केली. सुप्रभा सांगत होती, रासा बोलत होती, ओयदिन करत होती. तीन बायकांमध्ये एक वाक्य फिरून जाईपर्यंत श्रीकांत दोन श्वास घ्यायचा, आणि सुप्रभा ते मोजत होती.

"तो कुठल्या गोळ्या घेतो, असं विचारतेय," रासा म्हणाली. "नर्स आलीय."

"साखरेची, ग्लिक्लाझाइड. चाळीस मिलिग्रॅम, फक्त सकाळी. अर्धी गोळी." हे तिला तोंडपाठ होतं. एप्रिलमध्ये किडनीचा रिपोर्ट आल्यावर जीपीने, त्यांच्या फॅमिली डॉक्टरने, डोस एकदम कमी केला होता. पत्र तिनेच फाइलला लावलं होतं. एवढ्याशा डोसाने माणूस असा पडत नाही, हेही तिला माहीत होतं. "गोळ्यांचा डबा त्याच्या बॅगेत असेल. निळा. दाखव म्हणावं."

डबा कॅमेऱ्यासमोर आला. सात दिवसांचे खण, प्रत्येक दिवसाला सकाळ आणि संध्याकाळ. नर्सने उद्याचा सकाळचा खण उघडला. ब्लडप्रेशरच्या गुलाबी गोळीशेजारी दोन पांढऱ्या गोल गोळ्या होत्या. अख्ख्या. तिने संध्याकाळचा उघडला. तिथेही दोन.

सुप्रभाने काउंटरची कड धरली.

दोन सकाळी, दोन संध्याकाळी. हा जुना डोस. आठ वर्षं तिने हाच डोस भरला होता, आणि तो निघायच्या आदल्या संध्याकाळी, मनात त्याच्याशी भांडत, हाताच्या सवयीने पुन्हा तोच भरला होता. अर्ध्या गोळीऐवजी दिवसाला चार. तो डबा उघडायचा आणि न बघता गिळायचा. बायको फार्मसिस्ट असताना कशाला बघायचं?

रासाने स्क्रीनवरच्या गोळ्या पाहिल्या. मग सुप्रभाकडे पाहिलं. तिला कळलं होतं, हे सुप्रभालाही कळलं.

"नर्स विचारतेय," रासा शांतपणे म्हणाली, "डोस नक्की किती?"

अजूनही गप्प राहता आलं असतं. मीटर लावल्यावर साखर कमी दिसणारच होती, ग्लुकोज मिळणारच होतं. पण शरीरात औषध किती साठलंय हे त्यांना माहीत नसेल, तर ते एक इंजेक्शन देऊन निघून जातील.

"रोज तीनशे वीस," सुप्रभा म्हणाली. "चार दिवस. किडनी खराब. सांग तिला. डबा मी भरला होता, चुकीचा भरला, हेही सांग."

रासाने सांगितलं. किती सांगितलं ते सुप्रभाला कळायला मार्ग नव्हता.

नर्सच्या मीटरवर साखर एक पॉइंट सहा आली; चारच्या खालीच धोका सुरू होतो. अँब्युलन्स आली तेव्हा बर्मिंगहॅममध्ये अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. फार्मसीतल्या बाकीच्यांनी काहीही न विचारता त्या दोघींचं काम वाटून घेतलं होतं. स्क्रीनवर एका जाड मिशीवाल्या माणसाने श्रीकांतच्या हाताला रबर बांधलं, शीर सापडेना, दुसरा हात घेतला. सुप्रभा बघत राहिली. सुई आत गेली. सिरिंजमधलं ग्लुकोज हळूहळू संपलं.

दोन मिनिटांनी श्रीकांतने डोळे उघडले आणि आजूबाजूच्या गर्दीकडे बघून मराठीत विचारलं, "काय झालं? एवढी माणसं कशाला?"

ओयदिन रडायला लागली. रासाने सुप्रभाच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

पण खरी अडचण पुढेच होती. अर्ध्या तासात श्रीकांत उठून बसला, नान आणि गोड चहा घेतला, आणि हॉस्पिटलात जायला साफ नकार दिला. मिशीवाल्यालाही फारसा आग्रह करायची गरज वाटत नव्हती. म्हातारा शुद्धीवर आलाय, बोलतोय, खातोय.

"मला काही झालेलं नाही," श्रीकांत फोनवर म्हणाला. आवाज जड होता, पण हट्ट नेहमीचाच. "नाश्ता नीट केला नाही, एवढंच. उद्या सकाळी ओयदिनचा भाऊ मला खाली उतरवणार आहे. पाण्यापर्यंत. मी चार दिवस यासाठी थांबलोय, सुप्रभा."

"अहो, साखर परत उतरेल. अजून दोन दिवस ती पुन्हा पुन्हा उतरू शकते. झोपेत उतरली तर कोणाला कळणारही नाही."

"तू निघताना पण हेच सांगत होतीस. जाऊ नका, पडाल, मराल. आता पडलो, तर तुझं खरं झालं. झालं समाधान?"

अँब्युलन्सवाला बॅग आवरू लागला होता. सुप्रभाने रासाला हाताने खूण केली, त्याला थांबव. मग ती फोन तोंडाजवळ घेऊन बोलली.

"नाश्त्याने नाही झालं हे. डब्यात मी जुना डोस भरला. अर्ध्याऐवजी रोज चार गोळ्या गेल्यात तुमच्या पोटात. चूक माझी आहे. तुमच्या हट्टाचा यात काही संबंध नाही."

मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"तुझ्याकडून?" तो म्हणाला.

"माझ्याकडून. म्हणून सांगतेय. माझ्यावर काय रागवायचं ते नंतर रागवा. आत्ता त्या गाडीत बसा."

मग त्याने चपला कुठे आहेत ते खुणेने विचारलं. ओयदिनने त्या आणून त्याच्या पायापाशी ठेवल्या. मिशीवाला एका बाजूने, नर्स दुसऱ्या बाजूने, असे त्याला गाडीपर्यंत घेऊन गेले. त्याने मागे वळून फोनकडे पाहिलं नाही.

तालुक्याच्या हॉस्पिटलात त्याची साखर आणखी दोनदा उतरली, एकदा संध्याकाळी चहाच्या वेळेला आणि एकदा दुसऱ्या दिवशी पहाटे. दोन्ही वेळा सलाइन चालू होतं आणि नर्स शेजारी होती. रविवारी रासाची सुट्टी होती, तरी ती सुप्रभाच्या घरी येऊन बसली आणि तिथल्या डॉक्टरांशी तीनदा बोलली. डब्याबद्दल तिने तेव्हाही काही काढलं नाही आणि पुढेही कधी नाही. सोमवारी सुप्रभाने स्वतःच जीपीला फोन करून झालेलं सगळं नोंदवायला सांगितलं. पलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं घडतं कधीकधी. सुप्रभाला त्याने बरं वाटलं नाही.

श्रीकांत आठवड्याने परतला. ओयदिनने दिलेला सुक्या जर्दाळूंचा पुडा त्याने टेबलावर ठेवला आणि वर जाऊन झोपला. रागावला होता, हे उघड होतं, पण भांडला मात्र नाही. विचारलं तेवढंच बोलायचा. भाजीत मीठ आहे का, तर आहे. तिने दोनदा माफी मागितली. पहिल्यांदा तो म्हणाला, "ठीक आहे." दुसऱ्यांदा म्हणाला, "सारखं नको."

महिनाभराने रविवारी त्यांचे मित्र पद्माकरांकडे जेवण होतं. मराठी मंडळातली दहाबारा ओळखीची माणसं होती. मसालेभाताचं ताट हातात घेऊन कोणीतरी विचारलं, "श्रीकांतराव, तिकडे आजारी पडलात म्हणे?"

"ऊन लागलं," श्रीकांत लगेच म्हणाला. "डोंगरात टोपी न घालता फिरलो, दुसरं काय."

सुप्रभा समोरच बसली होती. तो तिच्याकडे न बघता कोशिंबीर वाढून घेत होता. त्याने हे आधीच ठरवून ठेवलं होतं, हे तिच्या लक्षात आलं.

"ऊन नव्हतं," ती म्हणाली. "गोळ्या मी चुकीच्या भरल्या होत्या. चौघीजणी धावल्या म्हणून वाचले."

पद्माकरांच्या बायकोने उगाचच पोळ्यांचा डबा उघडला आणि बंद केला. श्रीकांतने चमचा खाली ठेवला आणि सुप्रभाकडे सरळ पाहिलं.

"तिघी," तो म्हणाला. "तू, रासा आणि ओयदिन. नर्सला धरू नकोस, ती आली तेव्हा तिच्या मीटरची बॅटरीच गेली होती. ओयदिनने टीव्हीच्या रिमोटमधली काढून दिली. हॉस्पिटलात भेटायला आली तेव्हा तिने खुणांनी सांगितलं."

"कधी सांगणार होतात मला हे?"

"आत्ता सांगितलं ना."

मग कोणीतरी त्या भुयाराबद्दल विचारलं. तो सांगू लागला. हॉस्पिटलातून सुटल्यावर ओयदिनच्या भावाने त्याला दोर बांधून अकरा पायऱ्या खाली उतरवलं होतं. खाली अंधार होता, गार होतं, आणि पाणी घोट्याएवढं, पण वाहतं. सुप्रभा ऐकत बसली. हे तिने अजून ऐकलं नव्हतं.