झेलेंकांच्या वाटेवरची टपालपेटी

मी टपालपेटी. हो, तीच, मातीच्या रस्त्याकडेला वाकड्या खांबावर उभी असलेली. माझ्यामागे आता घर नाही, म्हणून गाड्या मला ओलांडून सुसाट जातात. तुम्ही मात्र जरा थांबा. चाळीस वर्षं मी लोकांचं नुसतं पोटात घेतलं. आज मला बोलायचंय.

आयोवातल्या एका लहानशा गावच्या हार्डवेअरच्या दुकानातून डेल्मर झेलेंकानं मला आणलं, आर्डिथशी लग्न झालं त्याच आठवड्यात. त्यानं खांब पुरला आणि तिनं पांढऱ्या रंगानं माझ्या अंगावर दोघांची नावं लिहिली. तिच्या नावाला जागा पुरली नाही, म्हणून शेवटचं अक्षर कोपऱ्यात चेंगरलं.

डेल्मर म्हणाला, "अगं, पेटीवर मावेना, घरात कशी मावणार?"

"सगळी जागा तूच खाल्लीस की! आता गप हातोडा उचल," ती म्हणाली.

काय हसले होते दोघं! मला वाटलं, चला, घर चांगलं मिळालं.

माझ्या कुशीला एक लाल पत्र्याचं निशाण आहे. इथला रिवाज साधा आहे. पाठवायचं पत्र आत ठेवलं की निशाण उभं करायचं. ते पाहून टपालवाली ट्वायला थांबते, पत्र घेते आणि निशाण खाली करते. निशाण खाली असेल आणि घरच्यांसाठीही काही आलेलं नसेल, तर ती गाडी हळूसुद्धा करत नाही. घर माझ्यापासून बरंच आत, नदीच्या बाजूला होतं. आर्डिथ स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. निशाण खाली दिसलं की समजायची, पत्र गेलं. चाळीस वर्षांत हे कधी चुकलं नव्हतं.

नदी घरामागे, मातीच्या बांधापलीकडे. त्र्याण्णवच्या मोठ्या पुरात पाणी घराच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं आणि परत फिरलं. डेल्मरच्या लेखी ती पायरी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. या भागातल्या प्रत्येक घराची अशी एक रेघ आहे. कुणाची गोठ्याच्या दारावर, कुणाची विहिरीच्या कठड्यावर. बाप पोराला ती दाखवतो आणि सांगतो, याच्यावर पाणी येत नाही. जसं काही नदीनं तिथं सही केली आहे!

मग एका जानेवारीत काउंटीनं, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या सरकारनं, शाळेच्या हॉलमध्ये पुराचे नवे नकाशे लावले. ते पाहून परतताना दोघं टपाल घ्यायला माझ्यापाशी थांबले. गाडीची काच खाली होती, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"आपलं घर पुराच्या निळ्या रंगात आहे, डेल्मर. मी चष्मा लावून पाहिलं."

"रंगपेटी घेऊन बसलेत झालं. त्यांनी रंगवलं म्हणून नदी येणार आहे का?"

"लाइल सांगत होता, घराच्या विम्यात पूर धरत नाहीत. वेगळा काढावा लागतो."

"लाइल विमाच विकतो. तो काय, भोपळे घ्या म्हणणार? अगं, तिसरी पायरी, आर्डिथ! तिसरी!"

"पायरीनं काय तुला लिहून दिलंय? मी काढणार विमा. तू नदीला पायरी दाखवत बस."

तो हसला. अडवलं मात्र नाही. उतरून पत्रं घेताना त्याचा हात माझ्या निशाणाला लागला आणि ते डुललं. आदल्याच आठवड्यात बर्फ ढकलणाऱ्या गाडीनं उडवलेलं ढेकूळ मला लागलं होतं आणि निशाणाचा स्क्रू ढिला झाला होता. "आवळायला हवं. उद्या बघतो," डेल्मर पुटपुटला. गाडीत बसलेल्या आर्डिथला ते ऐकू गेलं नाही. आणि त्याचा तो उद्या काही उजाडला नाही.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी ती बर्फावरून काठी टेकत, जपून पावलं टाकत माझ्यापर्यंत आली. हातात जाड लिफाफा होता, विम्याचे कागद आणि चेक. लाइलनं बजावलं होतं, कागद त्याच्या हातात पडले की तिथून तीस दिवस मोजायचे, त्याआधी पाणी आलं तर काही मिळणार नाही. तिनं लिफाफा माझ्या पोटात ठेवला, वरून थोपटला आणि म्हणाली, "जा बाई, घर सांभाळ." मग निशाण उभं केलं. तिच्या हातात लोकरीचा हिरवा हातमोजा होता. नीट, सरळ उभं केलं होतं तिनं. मी साक्षीला आहे.

ती घरात शिरली आणि वारा सुटला. निशाण थरथरलं आणि हळूहळू खाली आलं. मी जिवाचा आटापिटा केला हो, पण पत्र्याला बोटं कुठून आणू? पाचच मिनिटांत ट्वायलाची गाडी आली. घरासाठी काही नव्हतं, निशाण खाली होतं. ती शीळ घालत निघून गेली.

दुपारी खिडकीचा पडदा हलला. आर्डिथनं पाहिलं, निशाण खाली. पत्र गेलं! पडदा बंद झाला. आणि लिफाफा माझ्या पोटात तसाच.

शनिवारीही घराचं टपाल नव्हतं. रविवार सुट्टीचा, सोमवारीही सरकारी सुट्टी. मंगळवारी ट्वायला बियाण्यांची जाडजूड पुस्तिका कोंबायला थांबली आणि म्हणाली, "अगंबाई! हे केव्हापासून पडलंय?"

मार्चमध्ये बर्फ वितळलं, त्यात पाऊस लागला. एका बुधवारी बांध फुटला. दोघं आदल्या दिवशीच बाहेर पडले होते, तेवढं बरं झालं. पाणी तिसऱ्या पायरीवर आलं. थांबलं नाही. चौथी, मग उंबरा, मग खिडकी. माझ्याही गळ्याशी आलं. चार दिवस आजूबाजूला नुसतं तपकिरी पाणी, आणि त्यात मी एकटी. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

पाणी ओसरल्यावर दोघं आले. आत जायला वाट नव्हती, सगळा चिखल, म्हणून सगळं बोलणं माझ्यापाशीच झालं. लाइल टोपी हातात घेऊन उभा होता.

"बाई, तुमचे कागद मला बुधवारी मिळाले. तिथून तीस दिवस मोजून विमा शुक्रवारी सुरू झाला. पाणी त्याच्या दोन दिवस आधी घुसलं."

"पण मी शुक्रवारी टाकलं होतं, लाइल! तुम्हाला शनिवारी मिळायला हवं होतं."

"तसं झालं असतं तर पाणी येण्याआधीच तुमचा विमा सुरू झाला असता. मी वर लिहून पाहिलं. ऐकत नाहीत."

ट्वायलाही थांबली होती. बिचारी खरं तेच बोलली. "मला पेटीत मंगळवारी सापडलं, आर्डिथ. निशाण खालीच होतं."

डेल्मर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "निशाण वर केलं होतंस ना गं?"

"केलं होतं." मग ती घराकडे पाहत राहिली. "केलं होतं... बहुतेक."

त्या 'बहुतेक'नं माझं काळीज चिरलं.

काउंटीनं जागा विकत घेतली आणि घर पाडलं. आता तिथं कुणी बांधायचं नाही, फक्त गवत. दोघं गावात धान्याच्या उंच कोठारामागे दोन खोल्यांत राहायला गेले.

एप्रिलमध्ये डेल्मर एकटाच आला. त्यानं माझं निशाण वर केलं. ते खाली आलं. पुन्हा वर केलं, पुन्हा खाली आलं. माझ्या झाकणावर कपाळ टेकून तो कितीतरी वेळ उभा होता. काही सुचलं नाही की इथली माणसं हातात हत्यार घेतात. त्यानं गाडीतून स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि निशाण करकचून आवळलं. "सांगतो तिला. आज सांगतो," असं म्हणाला. त्याचा तो आजही कधी उजाडला नाही.

मला ते कळलं ऑक्टोबरात, आर्डिथ आली तेव्हा. डेल्मरच घेऊन आला होता. तो काच खाली करून गाडीतच बसून राहिला. ती खूप वाळली होती. हातात तेच हिरवे हातमोजे. "मला एकदा बघायचंय," ती म्हणाली आणि निशाण उभं केलं.

पड, मी मनात ओरडले. एकदा पड रे! वारा भणाणत होता. निशाण तसूभरही हललं नाही.

"घट्ट आहे की हे," आर्डिथ म्हणाली. "म्हणजे मीच विसरले. घर मीच घालवलं, डेल्मर."

डेल्मरनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, "चल, थंडी वाजेल तुला."

ते गेले. निशाण खाली करायला ती विसरली. तेव्हापासून ते वरच आहे. ट्वायलाच्या वाटेतून हा पत्ता वगळलाय, म्हणून कुणी थांबत नाही.

पण तुम्हाला रिवाज आता ठाऊक आहे. निशाण उभं म्हणजे आत काहीतरी आहे, घेऊन जा. माझ्यापाशी एकच निरोप आहे. गावात, धान्याच्या कोठारामागे, शेवटचं दार. तिला एवढंच सांगा, बाई, तुम्ही निशाण वर केलं होतं.