पारापुढची वाट

पाराच्या अलीकडच्या वळणावर सिंधुबाईंनी चपला काढून पदराखाली धरल्या. मागून सून आरती ओरडलीच.

“आत्या, घाला आधी! परवाचा काटा इसरल्या का?”

“पारावर भाया हायत. त्यांच्यापुढून चपला वाजवत जाऊ व्हय?”

वयाची सत्तरी उलटली म्हणून थोरल्या दिराचा मान उलटत नाही. लग्न होऊन आल्यापासून सिंधुबाई या दिराशी, ग्यानोबांशी, एक शब्द बोलल्या नव्हत्या, ना ते त्यांच्याशी. साखर वाढली तेव्हा हिमायतनगरच्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, पण अनवाणी मुळीच नाही. पाय बधिर झाले होते. परवा काटा रुतला तोही कळला नाही. आणखी जखम चिघळली तर पाऊल वाचणार नव्हतं. आणि गावात चालण्याजोगी वाट एकच, पारापुढची. मागच्या गल्लीत नालीचा चिखल.

आज जखम पुन्हा फुटली. पारासमोरच्या सिमेंटवर लाल ठसे उमटले.

“उद्यापासून मी येत न्हाई,” सिंधुबाई म्हणाल्या. “पाय गेला तर गेला.” बोलताना त्यांना रडू फुटलं.

जखम सुकल्यावर आरतीनं हट्टानं त्यांना बाहेर काढलं. सिंधुबाई वळणावर दिसताच ग्यानोबा काठी टेकत उठले. एरवी पारावर बसले की जेवणाशिवाय न हलणारा माणूस. गुडघे पुरते धरलेले. ते लंगडत देवळामागं गेले.

“रागावले,” सिंधुबाईंचा चेहरा पडला.

“राग कसला? रस्त्यावरचं रक्त त्यांनीच पाणी टाकून धुतलं. म्या बघितलं.”

दुसऱ्या दिवशी ग्यानोबा पुन्हा उठू लागले. सिंधुबाई थांबल्या. पदर पुढं ओढून त्या पारावरच्या लिंबाकडं बघत म्हणाल्या, “भायांना म्हणावं, बसून ऱ्हावा. गुडघ्याला लई तरास होतो.”

ग्यानोबांनीही लिंबाकडंच पाहिलं.

“तिला म्हणावं, चपला काढणार असशील तर मी हा चाललो.”

सिंधुबाईंनी पायातल्या चपलांकडं पाहिलं, पण त्या काढल्या नाहीत. मग चालू लागल्या. चपला वाजत होत्या आणि त्या आवाजाची त्यांना भारी लाज वाटत होती. ग्यानोबा हळूच खाली बसले.

पार ओलांडल्यावर मागून आवाज आला. ते अजून लिंबालाच सांगत होते.

“परत येतानाबी, म्हणावं.”