इच्छेचं पान

“तुमी जरा भाईर थांबा,” असं मी बबिताच्या नवऱ्याला दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा कुठे तो खुर्चीवरून उठला. अजिनाथ त्याचं नाव. दारातून त्याने दोनदा वळून बघितलं. मी मनात म्हटलं, बघ बाबा बघ, बाई आता माझ्या ताब्यात आहे.

मी पंचशीला ओव्हाळ. बावीस वर्षं पाटोद्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका तिशीतच गर्भाशयाची पिशवी काढून बसतात, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत. म्हणून आता ऑपरेशनआधी वरून परवानगी आणावी लागते, आणि त्या कागदांना आमच्या दवाखान्यात चौकशीचं एक पान जोडतात. बाईला एकटीला बसवायचं, नवरा, सासू, मुकादम कुणी जवळ नको, आणि विचारायचं, ही तुझी स्वतःची इच्छा आहे का? तिचं उत्तर मी लिहायचं. ‘इच्छा नाही’ असं लिहिलं की कागद तिथेच थांबतो. खोटं कशाला बोलू, या पानाचा मला फार अभिमान होता. किती बायकांना मी वाचवलं, ते पाहुण्यारावळ्यांनाही ऐकवायचे.

बबिता एकतीस वर्षांची, दोन लेकरांची आई. अंगावरून फार जातं, कंबर धरते, अशी तक्रार. तपासणीत मात्र भिण्यासारखं काही निघालं नव्हतं. सहा महिने गोळ्या घे, मग बघू, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. मी नेहमीसारखी सुरुवात केली. काढायचं कुणी सांगितलं, नवऱ्याने? नाही म्हणाली. मुकादमाने? नाही. सासूने? सासू वारून चार वर्षं झाली होती. तरी मी हटेना. बायका पहिल्या झटक्यात खरं सांगत नाहीत, हा माझा अनुभव. मी आवाज खाली आणला आणि म्हटलं, भिऊ नको, तो बाहेर आहे.

“त्येलाच तर नको हाय,” बबिता म्हणाली. “कापाकापीत बायको मरंल म्हणून दोन दिस झालं रडतोय. मलाच काढायची हाय.”

मग मी तिला सगळं समजावलं. एवढ्या लवकर पिशवी काढली की हाडं दुखतात, घाम सुटतो, चाळिशीत म्हातारपण येतं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“सिस्टर, फडात आडोसा न्हाई. कपडा बदलायला जागा न्हाई, धुवायला पानी न्हाई. डोक्यावर मोळी आन् खाली हे असं. गोळ्या घिऊन सहा म्हैन्यात बंद व्हईल का, तेवढं सांगा.”

मला वाटलं, ही हिची इच्छा कसली, ही तर उसाने हिच्यावर लादलेली. चार भिंती आणि बादलीभर पाणी मिळालं असतं, तर ही इथे आलीच नसती. मला तिची दया आली, खरोखर आली. त्या भरात मी पेन उचललं आणि लिहिलं, ‘रुग्णाची स्वतःची इच्छा नाही.’ एक ओळ खोटी, पण बाई तरी वाचेल. मग तिला म्हटलं, झालं तुझं, कळवतील.

तिने हात पुढे केला. “बघू.”

आमच्याकडे बायका अंगठ्याची शाई पुसायला फडकं मागतात, कागद कुणी मागत नाही. ही सातवीपर्यंत शिकलेली होती, आणि ते मी विचारलंच नव्हतं. शब्दांखाली बोट फिरवत तिने सावकाश वाचलं.

“मी असं कवा म्हणले?”

तुझ्या भल्यासाठीच लिहिलं, असं काहीतरी मी पुटपुटले.

“साळंतून काढलं तवा बी भल्याचंच व्हतं,” ती म्हणाली. “लगीन लावलं तवा बी. त्येंनी निदान इचारलं तरी न्हाई. तुमी इचारलं, आन् उत्तर बी तुमीच लिवलं.”

तिने आवाज जरासुद्धा चढवला नव्हता. मला मात्र भयंकर लाज वाटली. हे पान आल्यापासून किती बायकांची उत्तरं मी माझीच लिहिली असतील, कोण जाणे. ज्यांना वाचवलं म्हणून मिरवत होते, त्यांतल्या एकीचाही चेहरा मला नीट आठवेना.

मी ते पान फाडलं आणि कोरं पान तिच्यापुढे सरकवलं. तूच लिही म्हटलं. परवानगी मिळेलच असं नाही, तुझ्या तपासणीचे कागद बघून वरचे डॉक्टर नाहीही म्हणतील, हेही सांगितलं. तरी लिहिते म्हणाली.

तिला वेळ लागला. मधे अजिनाथ दारापर्यंत आला, मी हातानेच त्याला थांबवलं. ‘मला पिशवी काढायची आहे. मला कोणी सांगितले नाही,’ एवढं लिहून ती थांबली.

“उसाचं बी लिवू का?”

“लिही.”

‘फडावर पाणी आणि आडोसा असता तर मी काढली नसती.’ मग तिने खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

अक्षर मोठं होतं. उत्तराच्या दोन ओळी संपून ते खाली सिस्टरच्या शेऱ्याच्या चौकटीत उतरलं होतं. मला लिहायला जागा उरली नव्हती. मी कडेला बारीक सही केली.