एकोणीस वर्षांचा कोरा टायर

मी शर्यतीचा टायर बोलतोय. आयुष्यात एकही शर्यत न धावलेला. हसा हवं तर, पण हसून झालं की ऐका. शर्यतीच्या दिवशी अख्ख्या घाटात माझ्याइतकं जिंकलेलं कुणी नव्हतं. ही फुशारकी आहे आणि मला तिची अजिबात लाज वाटत नाही.

साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या अंगात नख सहज रुतायचं. शर्यतीचे टायर मुद्दाम तसे मऊ करतात. रस्त्याला चिकटायचं, तापायचं आणि चार-पाच शर्यतींत झिजून संपायचं, एवढंच आमचं आयुष्य. पण ज्या छोट्या गाडीसाठी आमचं माप होतं ती गाडीच मागे पडली. कारखान्यानं ते माप बंद केलं आणि आम्ही चौघे भाऊ एका दुकानदाराच्या माळ्यावर कागदात गुंडाळून पडलो. वर पत्रा. उन्हाळ्यात अंग भाजायचं, थंडीत आखडायचं. अशी एकोणीस वर्षं गेली. मी मात्र खुशीत होतो. आपली एक रेघही झिजली नाही, याचाच मला अभिमान.

इकडे एक म्हातारा आम्हाला शोधत होता. त्याला सगळे वस्ताद म्हणतात. तरुणपणी त्यानं घाटाच्या शर्यतीत याच छोट्या गाडीवर चार मिनिटं अकरा सेकंदांचा विक्रम केला होता. तो कुणी मोडला नव्हता. आता ती गाडी त्याची मुलगी चालवणार होती, पण चाकांना बसतील असे टायर मिळेनात. वस्तादांनी सहा वर्षं फोन केले, बंद पडलेली दुकानं धुंडाळली, भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले. एके ठिकाणी माझ्या मापाचा टायर सापडला, तर त्यात कुणीतरी झाड लावलेलं!

शेवटी आमचा पत्ता लागला. दुकानदार पक्का बेरकी. वस्ताद येणार म्हटल्यावर त्यानं आठ दिवस रोज आमच्या अंगाला कसलंसं उग्र वासाचं औषध चोळलं. मला तर वाटलं, तारुण्यच परत आलं.

वस्तादांनी नख दाबलं. नख रुतलं.

"लोणी आहे लोणी!"

मुलीनं माझ्या कुशीवरचे चार आकडे वाचले. मी बनलो तो आठवडा आणि ते वर्ष.

"बाबा, एकोणीस वर्षांचे आहेत हे."

"असू देत गं! वापरलेत कुठे? कोरे करकरीत आहेत."

हे ऐकून माझी छाती फुगली. खरं सांगतो, तेव्हा त्या पोरीच्या जिवाचा विचार माझ्या मनालाही शिवला नाही. मला फक्त धावायचं होतं.

आम्हा चौघांना वस्तादांच्या गॅरेजवर आणलं. गॅरेजला लागूनच त्यांच्या बहिणीचं बूट दुरुस्तीचं दुकान आहे. मुलीची आत्या. कामाचा एप्रन, कानावर पेन्सिल, हातात चामडं कापायची रापी. ती आली, वाकली आणि तिनं मला चक्क हुंगलं.

"दादा, याला काय चोळलंय?"

"तू तुझ्या चपला शीव. टायरमध्ये नाक खुपसू नकोस."

"चपलाच शिवते तीस वर्षं! लोक बूट घेऊन येतात आणि रडतात, 'आत्या, एकदाच घातले होते, मग कपाटातच होते, आज घातले तर तळवा गळून पडला.' रबर बसल्या जागी म्हातारं होतं रे."

"हे बूट नाहीत."

"नाहीत ना! बूट फाटला तर माणूस अनवाणी घरी येतो. हा घाटाच्या वळणावर फाटला तर पोरगी येईल का घरी?"

वस्ताद गोरेमोरे झाले. "बरं, आधी मी चालवून बघतो. मग तर झालं?"

"वा! म्हणजे मी दोघांची वाट बघत बसू."

मुलीनं आत्याच्या हातातली रापी घेतली.

"अगं, सहा वर्षं शोधलेत!" वस्ताद ओरडले.

तोवर तिनं मला कापलं होतं. वरचा नखभर थर मऊ होता, त्याखाली मी वाळक्या लाकडासारखा कडक. तिनं मला गुडघ्यावर दाबून वाकवलं. कापलेल्या जागी बारीक भेगांचं जाळं उघडलं आणि एक तुकडा टचकन उडून फरशीवर पडला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा तोरा मिरवला, आणि आत हे होतं! वस्तादांनी तुकडा उचलला, हातात चुरला आणि स्टुलावर बसले.

"मी तुला यावर बसवणार होतो," ते म्हणाले.

शर्यतीला पाच आठवडे उरले होते. मूळ चाकं बदलायची नाहीत, हा वस्तादांचा हट्ट त्याच संध्याकाळी संपला. शेजारच्या लेथवाल्याकडून आज मिळणाऱ्या टायरच्या मापाची नवी चाकं करून घ्यायची ठरली. पण गाडीची उंची तीच राहायला हवी, टायर पत्र्याला घासता कामा नये. मग मापं कुणाची घेणार? माझी! मला उभं केलं, माझ्याभोवती टेप फिरवली, माझी उंची भिंतीवर खडूनं आखली. नवे टायर आले तेव्हा वस्तादांनी आधी चष्मा लावून त्यांच्या कुशीवरचे आकडे वाचले, मगच हात लावला. ती कालची पोरं माझ्या खडूच्या रेघेशी तंतोतंत जुळली. मी नाक मुरडलं, पण जरा बरंही वाटलं.

शर्यतीला मीही गेलो. आत्याला बसायला काहीतरी हवं म्हणून!

आमच्या शेजारची गाडी एका दातांच्या डॉक्टरची होती. तसाच काळा चकाकता टायर, तसाच उग्र वास.

"बंद झालेलं माप आहे," डॉक्टर ऐटीत म्हणाले. "कोरे मिळाले!"

वस्तादांनी आत्याला उठवलं, मला खांद्यावर घेतलं आणि तडक तिकडे गेले.

"डॉक्टर, इथे नख दाबा. दाबलंत? आता या कापलेल्या जागी दाबा."

"पण माझे वापरलेले नाहीत हो."

"माझाही नाही."

दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणाऱ्या त्या माणसाचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वरच्या वळणांकडे, आणि स्वतःच्या हातानं गाडीवरचा शर्यतीचा क्रमांक काढून टाकला.

मग आमची गाडी सुटली. पहिलं वळण, दुसरं वळण, आणि नुसता आवाज उरला. आत्यानं माझी कड घट्ट धरून ठेवली होती. भोंग्यावर वेळ पुकारली: चार मिनिटं, नऊ सेकंद!

"मोडला! पोरीनं माझा विक्रम मोडला!" वस्ताद दिसेल त्याला मिठी मारत सुटले. डॉक्टरला तर दोनदा.

हल्ली मी गॅरेजच्या भिंतीवर असतो, कापलेली बाजू दाराकडे करून. जुनी मापं शोधणारे येतात, वस्ताद त्यांना माझ्यासमोर उभं करतात. आजवर सतरा जणांना मी असा टायर चाकावर चढवण्याआधी परत फिरवलंय. एवढ्या शर्यती कोणता टायर जिंकला असेल, सांगा बरं!

तुम्हीही शोधा, मन लावून शोधा. पण सापडला की नुसता कोरा पाहून भुलू नका, त्याचं वय वाचा, त्याचं अंतरंग बघा. गेल्या आठवड्यात डॉक्टर आपला टायर घेऊन आले, आडवा कापलेला. वस्तादांनी माझ्या शेजारी आणखी एक खिळा ठोकला. भिंतीवर अजून बरीच जागा आहे.