रेषेवरची पेशी

आमच्या प्रयोगशाळेत काचांना नावे नसतात, क्रमांक असतात. मेंदूचा पातळ काप काचेवर बसवायचा, त्यावर रंग चढवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी झालेल्या पेशी मोजायच्या, हे आमचे काम. काप कुणाचा हे मोजणाऱ्याला कळू द्यायचे नसते, आणि चुकून ओळख पटलीच तर काच न मोजता परत करायची. नव्या माणसांना हा नियम गेली नऊ वर्षे मीच शिकवत आले आहे.

एकशे बारा क्रमांकाची काच मी परत केली नाही.

आम्ही शोधत होतो ते प्रथिन पेशीला विभागणीच्या कामाला लावते. मेंदूतल्या चेतापेशी हे काम फार लवकर सोडून देतात, जणू त्यातून कायमच्या निवृत्त होतात. अल्झायमर झालेल्या मेंदूत मात्र काहींच्या ठायी ते प्रथिन पुन्हा दिसू लागते. पेशी सगळी तयारी करते, विभागू मात्र शकत नाही, आणि बहुधा त्या खटाटोपातच मरते. आमच्या काचेवर ती तपकिरी दिसते.

माझे अप्पा पोस्टमन होते. निवृत्तीनंतर बारा वर्षांनी एका सकाळी ते कामावरचा जुना सदरा घालून, रिकामी पिशवी खांद्याला अडकवून दारात उभे राहिले. मग ते रोजचेच झाले. कडी काढायची, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकायचा आणि तिथेच थांबायचे. "अप्पा, कशाला ही सोंगं?" असे एकदा मी म्हणाले, आणि पिशवी उचलून कपाटावर फेकली. रोज याच आजाराच्या काचा मोजणारी मी, तरीही. शेवटपर्यंत ते ती पिशवी शोधत राहिले. धडधाकट असताना त्यांनी स्वतः मेंदूदानाच्या कागदावर सही केली होती, म्हणून त्यांचा मेंदू आमच्याकडे आला. तो कोणत्या क्रमांकाचा, हे मी कधी विचारले नाही.

पण त्यांच्या डोक्याच्या तपासणीत डॉक्टरांनी मला एक जुनी जखम दाखवली होती, वाकलेल्या टाचणीसारखी बारीक पोकळी. एकशे बाराच्या काचेवर नेमकी त्याच जागी, त्याच वळणाची पोकळी होती. मी मोजायला बसले. आकडा भरला अकरा.

दुसरी मोजणी मास्तरांची. ते कधीच कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. सगळ्यांच्या चुका काढतात म्हणून मास्तर. त्यांचा आकडा त्रेचाळीस. दोघांत एवढा फरक पडला की दोन बाजूंनी डोळे लावायच्या सूक्ष्मदर्शकावर एकत्र बसायचे असते.

"ही?" मास्तरांनी दर्शक बाण एका पेशीवर नेला.

"फिकट आहे."

"फिकट? अगं, माझा चहा याहून पांढरा असतो. बरं, ही?"

"तिची कड नीट दिसत नाही."

"चष्म्याचा नंबर वाढला की काय तुझा? मागच्या महिन्यात रेषेवरची अर्धी पेशी मी मोजली, तर लगेच पकडली होतीस तू."

बाण पुढे सरकला आणि त्या पोकळीपाशी आला. माझा हात आपोआप काच हलवायच्या चाकावर गेला. मास्तरांनी डोळे वर केले.

"ओळखलीस?" त्यांनी हळूच विचारले.

"हो."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. मास्तर, मला त्या मोजवल्या नाहीत. प्रत्येक पेशीवर वाटायचं, ही एक सोडून देऊ."

त्यांनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली, पेन उघडून दिले. "अकरा खोड. कारण लिही. तुझ्याऐवजी नवी मोजणी मी वरच्या मजल्यावरच्या कुणाकडून करून घेतो."

मी लिहिले: मोजणाऱ्या व्यक्तीने काच ओळखली, मोजणी रद्द. सही केली.

"काच उचलू?" मास्तरांनी विचारले.

"थोडं थांबा. वहीत नाही लिहायचं. मला एकदा नीट मोजू द्या."

ते उठले नाहीत. दुसऱ्या बाजूने डोळा लावून बसले. मी डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली. कुणाला फिकट म्हटले नाही, कुणाला वगळले नाही. एकेक पेशी, सगळी तयारी करून थांबलेली. वेळ लागला. त्रेचाळीस झाल्या.

मोजायच्या चौकटीच्या शेवटच्या रेषेवर आणखी एक होती, अर्धी आत, अर्धी बाहेर.

"या रेषेवरची धरत नाहीत," मास्तर म्हणाले. सवयीनेच.

"माहीत आहे," मी म्हणाले, आणि तिच्यावरून डोळा काढला नाही.